विद्यार्थ्याची माहिती : शाळेकडे सोपविलेली ठेव

मूल पहिलीत दाखल होते त्या दिवशी त्याचे नाव, आईवडिलांची नावे, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म आणि जात या गोष्टी शिक्षकाच्या हातून जनरल रजिस्टरमध्ये उतरतात. पुढे पन्नास वर्षांनी त्या मुलाला वा त्याच्या नातवाला जातीचा दाखला काढावयाचा असला, की त्याच ओळीचा आधार घेतला जातो. या रजिस्टराविषयी शिक्षकवर्गात पूर्वापार एक धाक आहे. त्यात खाडाखोड करावयाची नाही, ते शाळेबाहेर न्यावयाचे नाही आणि मागेल त्याच्या हाती द्यावयाचे नाही, हे नव्याने रुजू झालेल्या शिक्षकासही कोणी सांगावे लागत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत हीच माहिती, आणि तिच्या कितीतरी पट अधिक माहिती, संगणकावर व मोबाइलवर भरली जाऊ लागली आहे. 'सरल' प्रणाली राज्यात २०१५ साली सुरू झाली. यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. आधार क्रमांक, बँक खाते, पालकाचा मोबाइल क्रमांक, अपंगत्वाचा प्रकार आणि छायाचित्र या गोष्टीही शिक्षकच भरतो. परंतु कागदी रजिस्टराविषयीचा धाक या नव्या नोंदींपर्यंत अद्याप पुरता पोचलेला नाही. तो का पोचला पाहिजे आणि शाळेच्या नित्य व्यवहारात कसा आणावा, याचा विचार येथे केला आहे.

१. कपाटातील रजिस्टर आणि संगणकातील नोंद

कागदी नोंदीला तिच्या जडपणाचेच संरक्षण होते. रजिस्टर एकच, ते कुलपात, त्याची नक्कल करावयाची तर कोणीतरी दुपारभर बसून लिहावयास हवे. चोरी झाली तर कपाट रिकामे दिसे. संगणकातील नोंदीची गोष्ट निराळी आहे. तिची नक्कल क्षणार्धात होते, मूळ नोंद जशीच्या तशी जागेवर राहते आणि नक्कल झाल्याचे कोणास कळतही नाही. एकदा बाहेर गेलेली यादी परत बोलावता येत नाही. कारण ती किती यंत्रांवर पोचली हे पाठविणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दुसरा भेद जुळणीचा आहे. एका यादीत मुलाचे नाव व आईचे नाव, दुसरीत पालकाचा मोबाइल क्रमांक, तिसरीत बँक खाते व शिष्यवृत्तीची रक्कम. या याद्या वेगवेगळ्या असतात तोवर प्रत्येक किरकोळ वाटते. त्या एकत्र आल्या म्हणजे एका कुटुंबाचे चित्र उभे राहते. समजा, एखाद्या मजूर स्त्रीला दूरध्वनी आला : "तुमच्या अमुक मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आता आलेला क्रमांक सांगा." मुलीचे नाव, इयत्ता, शाळा, खात्याचे शेवटचे चार अंक सर्व बरोबर. तिने विश्वास का ठेवू नये? आणि खात्यातील पैसे गेले तर ती माहिती कोठून गेली, हे ती कोणास विचारणार?

तिसरा भेद मागाचा आहे. संगणकावर केलेल्या प्रत्येक कामाचा माग कोठे ना कोठे उमटतो. व्हॉट्सॲपवरील निरोप २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणजे मधल्या कंपनीस तो मजकूर वाचता येत नाही. ही सोय चांगली आहे. तथापि कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला, हे कंपनीस कळू शकते. आणि समूहातील कोणीही सभासद तो निरोप पुढे पाठवू शकतो. कुलूप वाटेवर आहे. पोचलेल्या घरी नाही.

२. खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे

"ज्याने काही वाईट केले नाही त्याला लपविण्याचे कारण काय?" असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. याचे उत्तर शिक्षकांना आपल्या अनुभवातच सापडेल. निवडणुकीत ते मतदान केंद्रावर काम करतात. तेथे मतदारासाठी पुठ्ठ्याचा आडोसा उभारलेला असतो. मतदाराने काही वाईट केले आहे म्हणून तो आडोसा नसतो. गावचा सावकार, घरचा कर्ता वा कामावरील मुकादम यांच्या नजरेखाली दिलेले मत हे त्याचे स्वतःचे मत राहत नाही, म्हणून तो असतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मतदानाची गुप्तता राखणे हे तेथील कर्मचाऱ्यांचे कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

जनगणनेचेही तसेच आहे. प्रगणक घरोघर जाऊन लोकांस वय, भाषा, शिक्षण व व्यवसाय विचारतो आणि लोक सांगतात. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने या नोंदी कोणास तपासण्यास मिळत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. सांगितलेली गोष्ट आपल्यावर उलटणार नाही, हा विश्वास आहे म्हणून लोक खरे सांगतात, आणि लोक खरे सांगतात म्हणून देशास खरे आकडे मिळतात. गुप्तता आणि खरी नोंद यांच्यात विरोध नाही. एक दुसरीचा पाया आहे.

शाळेतही हेच घडते. मुलाच्या आजाराची, वडिलांच्या व्यसनाची वा घरातील अडचणीची गोष्ट आई बाईंना सांगते, ती बाईंपुरती राहील या भरवशावर. ती एकदा चव्हाट्यावर आली, तर ती आई पुन्हा काही सांगणार नाही, आणि दुसरीही सांगणार नाही.

३. नोंदींचा इतिहास

माहिती गोळा करणे हे आपल्याला निरुपद्रवी कारकुनी काम वाटते. इतिहास तसे सांगत नाही.

आपल्याच देशात ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविण्यात आल्या. त्यांच्या माणसांची नावे नोंदवहीत घातली गेली, त्यांना हजेरी लावण्याची सक्ती झाली आणि त्यांच्या येण्याजाण्यावर बंधने आली. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद झाली. सोलापूर येथे अशा लोकांसाठी कुंपणाआड वसाहत होती. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला; म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळला जातो. कायदा गेला, नोंदवह्या गेल्या. परंतु नोंदीने मारलेला शिक्का समाजाच्या मनातून सहजी पुसला गेला नाही. विमुक्त जमातींची मुले आज आपल्या वर्गांत बसतात. एका नोंदवहीने किती पिढ्यांचे नुकसान होऊ शकते, हे त्यांच्या शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

तेथे नोंदीचा हेतूच सदोष होता. हेतू निर्दोष असूनही अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण नेदरलँड्स या देशाचे आहे. त्या देशात नागरिकांची नोंदणी अत्यंत व्यवस्थित असे आणि तीत धर्माचाही रकाना होता. त्यामागे कोणाचा घात करण्याचा विचार नव्हता. १९४० मध्ये जर्मनीच्या नाझी फौजांनी देश व्यापला आणि तीच व्यवस्थित नोंदणी ज्यूंना हुडकून काढण्याच्या कामी आली. देशातील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही देशभक्तांनी पोलिसांचा वेष करून ॲम्स्टरडॅम येथील नोंदणी कार्यालय पेटविले, ते याचसाठी. तथापि नोंदींचा थोडाच भाग त्यात नष्ट झाला, आणि पकडलेल्यांपैकी बाराजणांना त्याच वर्षी देहान्त शासन झाले.

यावरून घ्यावयाचा बोध हा, की नोंद ज्या हाती दिली त्याच हाती ती कायम राहील, असे धरून चालता येत नाही. जी माहिती गोळाच केली नाही तिचा दुरुपयोग होऊ शकत नाही. यास्तव प्रत्येक नवा रकाना भरण्यापूर्वी तो कशासाठी आहे, हे विचारणे अगत्याचे ठरते.

४. नाव खोडले म्हणजे ओळख पुसली असे नाही

यादीतून नावे काढली, की ती निनावी झाली, असा समज आहे. तो अपुरा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० नंतरच्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावे वगळून संशोधनासाठी खुली केली होती. लटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ विदुषीने ती माहिती मतदारयादीशी ताडून पाहिली आणि खुद्द त्या राज्याच्या गव्हर्नरची वैद्यकीय नोंद शोधून काढली. पुढे २००० साली त्यांनी दाखवून दिले, की जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव म्हणून ओळखता येण्याजोगे आहेत.

मोठ्या देशात हे घडते, तर आपल्या लहान शाळांत काय होईल? वीस पटाच्या वस्तीशाळेत "इयत्ता चौथी, मुलगी, श्रवणदोष" एवढे लिहिले तरी सारी वस्ती नाव सांगेल. म्हणून वरिष्ठ कार्यालयास जेव्हा केवळ संख्या हवी असते तेव्हा संख्याच द्यावी; यादी जोडू नये. लहान शाळेची संख्याही सार्वजनिक फलकावर वा समूहात देताना विचार करावा.

५. यंत्र कोणाची आज्ञा पाळते

आपण मोबाइल विकत घेतला म्हणजे तो सर्वस्वी आपला झाला, असे वाटते. परंतु त्यातील कार्यप्रणाली एका कंपनीची, ॲप दुसऱ्या कंपनीचे आणि साठविलेली माहिती दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे अखंड चालू राहणाऱ्या दुसऱ्याच्या संगणकावर असते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने आपल्या 'किंडल' या वाचनयंत्रावर ग्राहकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची काही पुस्तके दुरून काढून टाकली आणि पैसे परत केले. विक्रेत्यास त्या प्रती विकण्याचा अधिकार नव्हता, हे कारण खरे होते. पुढे कंपनीने क्षमाही मागितली. तरी वाचकांस एक गोष्ट कळून चुकली. पुस्तकविक्रेता रात्री घरात शिरून कपाटातील पुस्तक उचलून नेऊ शकत नाही. यंत्राच्या बाबतीत तसे करणे शक्य होते. त्या पुस्तकांत 'नाइन्टीन एटी-फोर' ही अहोरात्र पाळत ठेवणाऱ्या राज्यसत्तेवरील कादंबरी होती, हा योगायोगही लोकांच्या नजरेतून सुटला नाही.

फुकट मिळणाऱ्या ॲपविषयी अधिक जपावे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने विजेरीच्या एका लोकप्रिय ॲपविरुद्ध कारवाई केली. मोबाइलचा दिवा लावणे एवढेच त्याचे काम. परंतु ते वापरणारा कोठे आहे ही माहिती ते जाहिरातदारांपर्यंत पोचवीत होते. मुलांच्या शिक्षणाची साधनेही यातून सुटलेली नाहीत. करोनाच्या काळात ४९ देशांतील सरकारांनी पुरस्कारिलेली सुमारे १६० शैक्षणिक ॲप व संकेतस्थळे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने तपासली आणि २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ साधनांत मुलांच्या खासगीपणास बाध आणणारे व्यवहार तिला आढळले.

याचा अर्थ यंत्र टाकून द्यावे असा नाही. नवे ॲप घेताना ते कोणकोणती परवानगी मागते ते वाचावे. पाढे शिकविणाऱ्या ॲपला आपल्या दूरध्वनी-क्रमांकांची वही आणि आपले ठिकाण कशासाठी हवे, हा प्रश्न विचारावा व समाधानकारक उत्तर नसेल तर परवानगी नाकारावी. ज्या संगणकप्रणालीची घडण कोणासही तपासता येते आणि जी कोणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही, अशी मुक्त प्रणालीही उपलब्ध आहे. केरळ राज्याने शालेय संगणक शिक्षणासाठी लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली स्वीकारून हा मार्ग व्यवहारात येऊ शकतो हे दाखविले आहे.

६. कायदा काय सांगतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावरून हा प्रश्न उभा राहिला होता. जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणाचे संविधानातील जे कलम २१, त्यातच हा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले. हा हक्क निरंकुश नाही. परंतु त्यावर बंधन घालावयाचे तर त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवे.

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आला. त्या योजनेवरील निकाल २६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. न्यायालयाने बहुमताने योजना वैध ठरविली. मात्र शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, मुलाच्या नोंदणीस पालकाची संमती हवी आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलास लाभ नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. ऊसतोड कामगाराचे मूल हंगामाच्या मध्ये शाळेच्या दारात उभे राहिले, तर प्रथम त्याला वर्गात बसवावे. कागद मागाहून जमविता येतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यास पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणे वा त्यांना लक्ष्य करून जाहिराती देणे यांस सामान्यतः मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. शैक्षणिक संस्थांना शिक्षणाच्या व सुरक्षिततेच्या कामापुरत्या काही सवलती आहेत. शासकीय यंत्रणांनाही सवलती आहेत, आणि त्या अधिक व्यापक आहेत अशी टीका झालेली आहे. सवलत असली तरी पालकाने दाखविलेला विश्वास सवलतीचा नसतो, हे आपण ध्यानी ठेवावे.

७. शाळेने पाळावयाच्या गोष्टी

(१) विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, जात वा अपंगत्व दर्शविणाऱ्या याद्या व्हॉट्सॲप समूहात पाठवू नयेत. समूहावर "माहिती भरली" एवढेच कळवावे. माहिती नेमलेल्या प्रणालीतच भरावी.

(२) शाळेचा सांकेतिक शब्द फळ्यावर, वहीच्या पुठ्ठ्यावर वा बाजारातील संगणक केंद्रात लिहून ठेवू नये. बाहेरच्या केंद्रात काम करणे भागच पडले, तर स्वतः उपस्थित राहावे, काम संपताच बाहेर पडण्याची कळ दाबावी, उतरवून घेतलेली यादी त्या संगणकावरून पुसावी व त्याच दिवशी शब्द बदलावा.

(३) गूगल फॉर्म वा सामाईक तक्ता करताना तो "दुवा असलेल्या कोणासही" दिसेल असा ठेवू नये. काम झाल्यावर तो बंद करावा.

(४) छायाचित्रे घेताना मुलाचा मान राखावा. गणवेश, शाळेचे नाव, मुलाचे नाव आणि चेहरा एकत्र प्रसिद्ध करू नये. मदत स्वीकारणाऱ्या मुलाचे छायाचित्र मुळीच प्रसिद्ध करू नये. मोबाइलच्या मूळ छायाचित्रात ते घेतल्याचे ठिकाण व वेळही साठविलेली असू शकते, म्हणून छायाचित्रकाच्या मांडणीत ठिकाणाची नोंद बंद ठेवावी.

(५) संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी ते पालकास वाचून दाखवावे, आणि त्यांच्या बोलीत समजावून सांगावे. न समजता उठविलेला अंगठा ही संमती नव्हे. 'अपार' क्रमांकासारख्या ज्या बाबी पालकाच्या संमतीवर अवलंबून आहेत, तेथे नकार देणाऱ्या पालकावर वा त्याच्या मुलावर रोष धरू नये.

(६) एखादी यादी चुकून बाहेर गेली, तर ती लपवू नये. तत्काळ मुख्याध्यापकांस व केंद्रप्रमुखांस कळवावे आणि संबंधित पालकांस सावध करावे. वेळीच सावध झालेला पालक फसत नाही.

८. वर्गातील पाठ

तिसरी-चौथीच्या मुलांना हा विषय अवघड जाणार नाही. फळ्यावर एकात एक अशी तीन वर्तुळे काढावी. आतल्यावर 'घर', मधल्यावर 'शाळा' आणि बाहेरच्यावर 'चावडी' असे लिहावे. नंतर मुलांना एकेक गोष्ट द्यावी : माझे नाव; माझ्या आवडीचा खेळ; आईचा मोबाइल क्रमांक; माझे गुण; घराची किल्ली कोठे ठेवतात; मला रात्री कशाची भीती वाटते. प्रत्येक गोष्ट कोणत्या वर्तुळात लिहावी ते मुलांनी ठरवावे व कारण सांगावे. मतभेद झाले तर उत्तमच. आपली गोष्ट कोठवर जाऊ द्यावयाची हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते, हाच पाठाचा गाभा आहे. शेवटी विचारावे : "मोबाइलवर टाकलेली गोष्ट कोणत्या वर्तुळात जाते?" मुले विचार करून बाहेरच्या वर्तुळाकडे बोट दाखवतील.

सहावी-सातवीत याच्या जोडीला दोन गोष्टी सांगाव्या. आपला सांकेतिक शब्द मित्रालाही द्यावयाचा नाही. आणि कोणी भीती घालून छायाचित्र वा माहिती मागितली, तर घाबरून गप्प न बसता घरच्या मोठ्या माणसांस वा गुरुजींस सांगावयाचे. मूल सांगावयास आले म्हणजे त्यास प्रथम रागावू नये. १०९८ हा बालकांच्या मदतीचा आणि १९३० हा आर्थिक सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक वर्गात मोठ्या अक्षरांत लावून ठेवावा.

शासनास नियोजनासाठी माहिती लागते. पोषण आहार, पाठ्यपुस्तके, गणवेश आणि शिष्यवृत्ती योग्य मुलापर्यंत पोचावयाची तर नोंदी हव्यातच. त्या अचूक व वेळेवर भरणे हे आपले काम आहे. परंतु ती माहिती मुळात शासनाची नाही, कंपनीची नाही आणि शाळेचीही नाही. ती त्या मुलाची आहे. ते मूल अजून लहान आहे, आपल्या नोंदीचे काय होते हे विचारण्याचे त्याचे वय नाही, म्हणून ते काम काही वर्षांपुरते शिक्षकाकडे आले आहे. म्हणून कोणतीही यादी पाठविण्यापूर्वी चार प्रश्न मनाशी विचारावे : ही कशासाठी, यातील किती खरोखर लागते, ती कोण पाहणार, आणि काम झाल्यावर ती केव्हा नष्ट होणार? चारांची उत्तरे मिळाली, तर यादी पाठवावी. एकाचेही मिळाले नाही, तर मागणाऱ्यास विनयाने विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत यादी आपल्या कपाटातच राहू द्यावी.